ग्रंथालयाचा कॅटलॉग वाचकाच्या मोबाईलवर: काम देण्याआधी वाचायचे माहितीपत्रक

मा. ग्रंथपाल आणि कार्यवाह यांस,

आम्ही तिघे जण सांगलीत बसून सार्वजनिक ग्रंथालयांची संगणकाची कामे करतो. नव्या ग्रंथालयाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमचे ॲप करायचे आहे, किती घ्याल?" त्यावर आम्ही उलट विचारतो, "एखादे पुस्तक तुमच्याकडे आहे का आणि आत्ता ते कपाटात आहे की कुणाच्या घरी, हे जागेवरून न उठता सांगता येते का?" बहुतेक ठिकाणी याचे उत्तर ग्रंथपाल मॅडमच्या डोक्यात असते. त्या रजेवर गेल्या की उत्तरही रजेवर जाते.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. दहा-बारा किलोमीटरवरच्या गावातून एसटीने आलेल्या सभासदाला "पुस्तक बाहेर गेलेय, पुढच्या आठवड्यात बघा" असे ऐकावे लागले, तर त्याची अर्धी सुट्टी वाया जाते. तेच उत्तर त्याला घरून निघण्यापूर्वी मोबाईलवर मिळावे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. वेबसाइटवर फिरणारी चित्रे, अध्यक्षांचे मनोगत, भेट देणाऱ्यांचा आकडा या गोष्टी नंतर कधीही करता येतील.

सॉफ्टवेअर कोणते, आणि पैसे कशाचे

आम्ही शक्यतो 'कोहा' ही ग्रंथालयांसाठीची संगणकप्रणाली बसवतो. १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातल्या ग्रंथालयांपुढे अडचण उभी राहिली. त्यांची जुनी संगणकप्रणाली सन २००० उजाडल्यावर चालणार नव्हती. त्यांनी एका स्थानिक कंपनीकडून नवी प्रणाली करून घेतली आणि ती सर्वांसाठी खुली केली. जानेवारी २००० मध्ये ती वापरात आली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट, आणि त्या भेटीत परतफेडीची जाणीव गृहीत असते. आज जगभरातली ग्रंथालये ती वापरतात, सुधारतात आणि सुधारणा परत सर्वांना देतात.

म्हणजे सॉफ्टवेअरला किंमत नाही. आम्ही पैसे घेतो ते बसवण्याचे, जुन्या नोंदी त्यात आणण्याचे, शिकवण्याचे आणि सर्व्हरच्या देखभालीचे. कुणी तुम्हाला 'कोहाचे लायसन्स' म्हणून वेगळी रक्कम लावली असेल, तर ती कशाची हे जरूर विचारा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे 'ई-ग्रंथालय' हाही एक पर्याय आहे. शासकीय ग्रंथालयांत ते चालते. तुमच्याकडे ते आधीपासून नीट चालू असेल तर आमच्यासाठी बदलू नका.

सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कागदावर आणा. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, ग्रंथालयाच्या नावावर नोंदलेले असावे. आमच्याही नाही आणि कार्यवाहांच्या भाच्याच्याही नाही. दुसरी गोष्ट, महिन्याला एकदा सगळ्या नोंदींची प्रत 'मार्क' (ग्रंथालयीन नोंदींचा ठरलेला संगणकीय साचा) किंवा एक्सेलला उघडेल अशा स्वरूपात तुमच्या पेनड्राइव्हवर यावी. आमच्याकडे आलेल्या एका ग्रंथालयाचा आधीचा सेवादार व्यवसाय बंद करून निघून गेला होता. आठ वर्षांच्या देवघेवीच्या नोंदी त्याच्या सर्व्हरवर होत्या. आम्ही खूप प्रयत्न केले, पण हाती काही लागले नाही. शेवटी दाखल नोंदवहीवरून, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहिण्याच्या वहीवरून, पुन्हा पहिल्या क्रमांकापासून सुरुवात केली.

म्हणूनच कागदी दाखल नोंदवही बंद करू नका, असे आम्ही सांगतो. संगणकवाल्यांनी हे सांगावे याचे काहींना नवल वाटते.

खरे काम: मराठी अक्षरे

या भागावर आम्ही जरा जास्त वेळ घेणार आहोत, कारण ऑनलाइन कॅटलॉग फसतो तो इथेच.

युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी संगणकाची जागतिक पद्धत) रुळण्यापूर्वी अनेक ग्रंथालयांनी मोठ्या कष्टाने याद्या टंकल्या, पण त्या जुन्या फॉन्टमध्ये. पडद्यावर मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. फॉन्ट काढला की सगळी यादी गिचमिड होते. अशी यादी इंटरनेटवर टाकली तर कोणताही शोध तिच्यात पुस्तक सापडवून देणार नाही. ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागते. रूपांतर करणारी साधने आहेत, पण रफार आणि जोडाक्षरे हमखास घसरतात. त्यामुळे रूपांतरानंतर माणसाने एकेक ओळ वाचणे आलेच. हे आम्ही अंदाजपत्रकात वेगळे दाखवतो. ते वगळून स्वस्तात काम देणाऱ्याला ते वगळलेले आहे हे माहीत असते, तुम्हाला नसते.

युनिकोडमध्ये आल्यावरही घोळ संपत नाही. 'तऱ्हा' हा शब्दच संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका पद्धतीत नुक्ता असलेला 'ऱ' वापरतात. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. 'ॲटलास'मधल्या 'ॲ'चेही तसेच: ते एकच अक्षर म्हणून साठवता येते किंवा 'अ'वर चंद्र देऊन. वाचक मोबाईलवर एका पद्धतीने टंकतो, नोंद दुसऱ्या पद्धतीची असते, आणि कॅटलॉग शांतपणे सांगतो, 'एकही पुस्तक आढळले नाही'. ग्रंथालयात त्याच्या तीन प्रती असतात. आम्ही सगळ्या नोंदी एकाच पद्धतीत आणतो आणि शोध घेताना दोन्ही रूपे एक मानली जातील अशी व्यवस्था करतो. जोडचिन्ह उडवून टाकणे हा यावरचा सोपा उपाय वाटतो, पण मग आचाऱ्यांचे पुस्तक आचार्यांच्या रांगेत जाऊन बसते.

तिसरी गोष्ट शुद्धलेखनाची. १९६२च्या नियमांपूर्वीच्या पुस्तकांवर 'नांव', 'कांहीं', 'मुलें' असे अनुस्वार असतात. ग्रंथपालाने शीर्षकपृष्ठावर आहे तसेच टंकले तर ते शास्त्राला धरून झाले, पण आजचा वाचक 'नाव' असेच शोधणार. मूळ शीर्षक तसेच ठेवावे आणि आजचे रूप 'मार्क'मधल्या २४६ क्रमांकाच्या रकान्यात जोडावे. शीर्षकाची पर्यायी रूपे ठेवण्यासाठीच तो रकाना आहे. शीर्षकाचे रोमन रूपही आम्ही तिथेच घालतो, कारण तरुण सभासद सर्रास रोमनमध्ये शोधतात. त्यांना 'मराठी कीबोर्ड टाका' म्हणून उपदेश करण्यात अर्थ नाही.

लेखकांच्या नावांचे काम मात्र ग्रंथपालच करू शकतात. आरती प्रभू यांच्या कविता शोधणाऱ्याला चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्याही दिसायला हव्यात, कारण माणूस एकच. कोहामध्ये एका व्यक्तीची सगळी नावे एका अधिकृत नोंदीला बांधता येतात. पण कोण कोण आहे, हे आमच्या पोरांना ठाऊक नसते. मागे आमच्या एका मुलाने मराठी कवी ग्रेस यांचे संग्रह परदेशी साहित्यात टाकले होते. मॅडमनी ते पाहिले म्हणून बरे.

वीस हजार पुस्तके कधी नोंदून होणार?

साधा हिशेब करा. एका पुस्तकाला तीन मिनिटे धरली तर वीस हजार पुस्तकांना एक हजार तास. रोज पाच तास दिले तर दोनशे दिवस. वर्षभर ग्रंथालय बंद ठेवता येत नाही, म्हणून आम्ही कपाट क्रमांक एकपासून सुरुवात करत नाही. काउंटरवर जे पुस्तक परत येईल ते आधी नोंदायचे. जी पुस्तके फिरतात तीच पहिल्या काही महिन्यांत कॅटलॉगमध्ये येतात, आणि वाचकाला बहुधा तीच हवी असतात. वरच्या फळीवरची धूळ नंतर झाडता येते.

नव्या पुस्तकांवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, असतो. भारतातल्या पुस्तकांचा तेरा अंकी क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ने सुरू होतो. तो स्कॅन करून दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद ओढून घेता येते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकांचा चांगला साठा आहे, पण तिथल्या मराठी नोंदी बहुतेकदा रोमन लिपीत मिळतात. त्यामुळे देवनागरी शीर्षक आपल्यालाच टंकावे लागते. जुन्या पुस्तकांना हा क्रमांकच नसतो. तिथे हाताने नोंद करण्याला पर्याय नाही.

बारकोडचा आकडा दाखल क्रमांकाशी जुळता ठेवा, म्हणजे स्टिकर फाटले तरी पुस्तक ओळखता येते. दुर्मिळ पुस्तकांवर स्टिकर चिकटवू नका. त्यांच्यात बारकोडची सुटी पट्टी ठेवावी. आरएफआयडीची, म्हणजे बिनतारी चिपने पुस्तक ओळखणाऱ्या यंत्रणेची, चौकशी बरेच जण करतात. रोज शे-दीडशे पुस्तकांची देवघेव असलेल्या ग्रंथालयाला त्याची गरज नाही, असे आमचे मत आहे. त्या पैशात पुस्तके घ्या.

वाचकापर्यंत निरोप कसा जावा

व्हॉट्सॲप ग्रुप सगळ्यांनीच केलेले आहेत. त्यात सभासदांचे नंबर एकमेकांना दिसतात, आणि सकाळच्या शुभेच्छांखाली नव्या पुस्तकांची यादी गाडली जाते. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये नंबर दिसत नाहीत, पण एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. चॅनल असेल तर सभासद फक्त वाचतात आणि एकमेकांना दिसत नाहीत. नव्या पुस्तकांसाठी आम्ही चॅनलच सुचवतो. निरोपात पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या फोटोबरोबर कॅटलॉगमधल्या त्या नोंदीची लिंक द्या, म्हणजे तिथूनच पुस्तक राखून ठेवता येईल.

राखीव नोंदणीचा सगळ्यात मोठा उपयोग दिवाळी अंकांना होतो. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही परंपरा आजही अनेक ग्रंथालयांत वर्षातली सर्वांत मोठी गर्दी खेचते. मोजके अंक आणि शेकडो वाचक असले की "माझा नंबर मागे का गेला" यावरून भांडणे ठरलेली. ऑनलाइन रांगेत प्रत्येकाला आपला क्रमांक दिसतो. अंकाची मुदत कमी दिवसांची ठेवता येते आणि अंक परत आला की पुढच्याला ईमेल जाते. नव्या प्रणालीची चाचणी दिवाळीतच घ्या, असे आम्ही सांगतो. त्या गर्दीत टिकली तर वर्षभर टिकेल.

एसएमएसचे मात्र सोपे नाही. घाऊक संदेश पाठवायचे तर दूरसंचार नियमांनुसार पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचे नमुने आधी नोंदवावे लागतात. लहान ग्रंथालयाने त्या भानगडीत पडू नये. ईमेल ठेवावा, आणि ज्येष्ठ सभासदांना फोन करावा. फोनवर काका पुस्तक तर परत करतातच, वर ते कसे वाटले हेही सांगतात.

थकबाकीदारांची नावे ग्रुपवर टाकणे कृपया थांबवा. कोण काय वाचतो हीसुद्धा त्याची खासगी गोष्ट आहे. वाचनाचा इतिहास साठवायचा की पुसायचा, हे सभासदाला स्वतः ठरवता येईल अशी सोय कोहात आहे आणि आम्ही ती सुरू करून देतो. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आल्यापासून सभासद अर्जातल्या रकान्यांकडेही नव्याने पाहायला हवे. ग्रंथालयाला आधार कार्डाची प्रत कशाला लागते, याचे पटणारे उत्तर आम्हाला अजून कुणी दिलेले नाही.

स्कॅन केलेली पुस्तके

"आमची जुनी पुस्तके स्कॅन करून साइटवर टाका" ही मागणी वरचेवर येते. लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. २०१२च्या दुरुस्तीनुसार बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, मूळ प्रत स्वतःकडे असेल तर, जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. पण जतन करणे वेगळे आणि साइटवर सर्वांना वाटणे वेगळे. शंका असेल ते पुस्तक आम्ही साइटवर चढवत नाही. शिवाय साहित्य संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने आणि मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहेत. त्यांच्या लिंक तुमच्या कॅटलॉगमध्ये दिल्या, तर एकही पान स्कॅन न करता संग्रह वाढतो.

चॅटबॉट बसवून मागणाऱ्यांना आम्ही सध्या नाही म्हणतो. तो कपाटात नसलेलेच नव्हे, तर जगात नसलेले पुस्तकही आत्मविश्वासाने सुचवतो, आणि मग सभासद काउंटरवर येऊन ते मागतो.

काम सुरू करायचे असेल तर आधी आम्हाला दाखल नोंदवहीच्या कुठल्याही पाच पानांचे फोटो पाठवा: दोन जुन्या काळातली, दोन मधली, एक आजचे. जुनी संगणकीय यादी असेल तर तीही, आणि ती कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे कुणाला आठवत असेल तर त्यांचा निरोप. त्यावरून दिवस आणि खर्च किती लागेल ते आम्ही लेखी कळवू. या पहिल्या अंदाजाचे पैसे घेत नाही.