स्टँडबाय ठेवलाय म्हणजे सेफ आहे का? रिडन्डन्सी आणि डायव्हर्सिटीतला फरक

दुकानाच्या काउंटरवर दोन क्यूआर कोड चिकटवलेले असतात, दोन वेगळ्या ॲपचे, आणि दुकानदार निवांत असतो की एक नाही चालला तर दुसरा आहे. बऱ्याचदा ते खरंही ठरतं, एका बँकेचा सर्व्हर बसला तर दुसऱ्या बँकेच्या खात्यात पैसे येतात. पण १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी देशभर यूपीआयच अडखळलं तेव्हा दोन कोड असून काय उपयोग होता, दोन्हीकडचं पेमेंट शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्याच यंत्रणेतून जातं ना. ज्याच्या गल्ल्यात सुट्टे होते त्याचा धंदा चालू राहिला.

तर दोन क्यूआर ठेवणं ही रिडन्डन्सी, आणि क्यूआरसोबत रोख घ्यायची सोय ठेवणं, म्हणजे तेच काम वेगळ्या वाटेने, ही डायव्हर्सिटी. सिस्टिम डिझाइन करताना या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ होते की मीटिंगमध्ये कोणीतरी "अरे दोन सर्व्हर आहेत, फेलओव्हर आहे" (म्हणजे एक पडला की काम आपोआप दुसऱ्यावर) म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. आणि नवीन काहीतरी आणताना तर ही सरमिसळ फारच महागात पडते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

रिडन्डन्सी म्हणजे तीच वस्तू एकापेक्षा जास्त. ती कशासाठी चांगली, तर झिजणाऱ्या, जळणाऱ्या, अचानक मरणाऱ्या पार्टसाठी. एक डिस्क वर्षात बंद पडायची शक्यता शंभरात एक असेल तर दोन्ही बंद पडायची दहा हजारात एक, असं गणित आपण मांडतो. पण हे गणित चालतं ते दोन्हींचं मरण एकमेकांशी संबंध नसलेलं असेल तरच. सॉफ्टवेअर झिजत नाही हो. त्यातली चूक पहिल्या दिवसापासून आत बसलेली असते, प्रत्येक कॉपीत तीच, आणि तोच इनपुट आला की सगळ्या कॉप्या एकदम आडव्या.

एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण ४ जून १९९६ ला झालं, फ्रेंच गयानातल्या कुरू इथून. रॉकेटची दिशा सांगणारे युनिट दोन होते, एक चालू आणि एक स्टँडबाय, हार्डवेअर तेच आणि सॉफ्टवेअरही तेच. साधारण ३७ व्या सेकंदाला एक ६४ बिटचा आकडा १६ बिटच्या जागेत बसवताना मावला नाही आणि युनिट बंद पडलं, आणि स्टँडबाय तर त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडलेला होता. थोड्याच वेळात रॉकेट आणि त्यातले क्लस्टर मोहिमेचे चारही उपग्रह संपले. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तो कोड नवा नव्हता, एरियन ४ वर व्यवस्थित चाललेला होता, "जुना आहे, भरवशाचा आहे" म्हणूनच पुढे आणलेला, फक्त नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा खूप जास्त होता. म्हणजे जुनं तितकं भरवशाचं आणि नवं तितकं धोक्याचं ही विभागणीच कच्ची आहे. जुनी वस्तू ज्या परिस्थितीत सिद्ध झाली त्या परिस्थितीपुरतीच ती सिद्ध असते.

आता दोन्ही गोष्टी खरंच शेजारी ठेवून बघायच्या तर उपग्रहांमधल्या अणुघड्याळांसारखं उदाहरण मिळणार नाही. इस्रोच्या नाविक प्रणालीतला, म्हणजे आपल्या देशी जीपीएसमधला, पहिला उपग्रह आयआरएनएसएस-१ए, जुलै २०१३ मध्ये गेला. प्रत्येक उपग्रहात रुबिडियमची तीन घड्याळं, एक कामावर बाकी राखीव, तिन्ही आयात केलेली, स्वित्झर्लंडच्या स्पेक्ट्राटाइमची. १ए ची तिन्ही घड्याळं बंद पडली आणि घड्याळाशिवाय दिशादर्शक उपग्रह जागा सांगू शकत नाही. बदली म्हणून ऑगस्ट २०१७ मध्ये १एच पाठवला तर पीएसएलव्हीचं हीट शील्डच सुटलं नाही, मग एप्रिल २०१८ मध्ये १आय गेला तेव्हा कुठे जागा भरली.

युरोपच्या गॅलिलिओ या दिशादर्शक प्रणालीमध्येही घड्याळं पटापट बंद पडत होती, जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी सांगितलं की कक्षेतल्या १८ उपग्रहांवरच्या ७२ पैकी ९ बंद आहेत. पण तिथे प्रत्येक उपग्रहात चार घड्याळं, आणि ती दोन जातीची, दोन रुबिडियमची आणि दोन हायड्रोजन मेसर, म्हणजे हायड्रोजनवर चालणारी. दोन्ही जातींना आपापले आजार झाले, तीन रुबिडियम गेली आणि सहा मेसर गेले, तरी घड्याळांमुळे एकही उपग्रह बंद पडला नाही. एक घड्याळ जास्त होतं हा फायदा होताच, पण एकाच आजाराने सगळी घड्याळं जाणार नाहीत ही खात्री दोन जातींमुळे होती.

आणि इथेच नवीन गोष्टीला जागा मिळते. नाविकच्याच पुढच्या पिढीच्या, २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवलेलं देशी रुबिडियम घड्याळ पहिल्यांदा उडालं, आणि एनव्हीएस-०२ मध्ये देशी आणि आयात दोन्ही प्रकारची घड्याळं होती (तो उपग्रह ठरलेल्या कक्षेत गेला नाही, पण ते व्हॉल्व्ह न उघडल्यामुळे, घड्याळांचा त्यात काही दोष नाही). आपण नेहमी वाद घालतो की नवं आणायचं की भरवसा जपायचा, जणू दोन्ही एकाच तराजूत आहेत. डायव्हर्सिटीच्या नजरेने बघितलं तर नवी वस्तू जुन्याच्या शेजारी उभी केली की ती भरवसा वाढवतेसुद्धा, कारण तिच्या चुका वेगळ्या असतात. जुनीला हटवून सगळीकडे तीच बसवली की मात्र तिची प्रत्येक चूक सगळीकडची चूक होते.

वेगळेपण किती खोलवर आहे हे पण बघावं लागतं. जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात ११ मार्च २०११ ला त्सुनामी आली तेव्हा १३ डिझेल जनरेटर होते. बहुतेक खाली तळघरात आणि समुद्राच्या पाण्याने थंड होणारे, ते गेले. तीन मात्र हवेने थंड होणारे होते आणि जमिनीच्या पातळीवर, म्हणजे खरी डायव्हर्सिटी, पण त्यातल्या दोघांचे स्विचगियर पॅनेल (वीज पुढे वाटून देणारे) तळघरात होते, तिथे पाणी शिरलं, जनरेटर धडधाकट असून वीज पोचवायला वाट नाही. सहाव्या युनिटचा एकच शेवटपर्यंत चालला आणि त्याच्यावर पाचवं आणि सहावं युनिट वाचलं. आपल्याकडे पण दोन वेगळ्या क्लाउडवर सर्व्हर असतात आणि दोन्हींचं लॉगिन, डीएनएस (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता देणारी सोय) आणि नवा कोड चढवणारी डिप्लॉय स्क्रिप्ट एकच असते, ते बघताना मला ती पॅनेलच आठवतात.

डायव्हर्सिटी फुकट मिळत नाही हेही सांगायला हवं. १९८६ मध्ये नाइट आणि लेव्हसन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी एकाच स्पेसिफिकेशनवरून स्वतंत्रपणे २७ प्रोग्राम लिहिले, त्यांच्यावर दहा लाख टेस्ट चालवल्या, आणि एकाच टेस्टला अनेक प्रोग्राम चुकतात असं अपेक्षेपेक्षा खूप जास्त वेळा दिसलं. अवघड जागा सगळ्यांना अवघडच जाते, आणि स्पेकमध्येच घोळ असेल तर मग बोलायलाच नको. दुसरा खर्च गुंतागुंतीचा. स्पेस शटलमध्ये पाच कॉम्प्युटर, चारांवर एक सॉफ्टवेअर आणि पाचव्यावर वेगळ्या टीमने लिहिलेलं वेगळं, आणि १० एप्रिल १९८१ चं पहिलं उड्डाण रद्द झालं ते याच दोघांच्या वेळेचा ताळमेळ बसेना म्हणून. दोन दिवसांनी शटल उडालं. तरी माणसं आत बसणार असतील तर तो पाचवा कॉम्प्युटर मी कधीच काढणार नाही.

पण छोट्या टीमला सगळं दोनदा वेगळ्या पद्धतीने बनवणं परवडत नाही, चार माणसांत कोण दोन डेटाबेस सांभाळणार. त्यांच्यासाठी स्वस्तातली डायव्हर्सिटी म्हणजे वेळेची, नवं व्हर्जन आधी थोड्या मशीनवर, बाकीच्या जुन्यावर, काही दिवस बघा मग पुढे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर सुरक्षेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं जे झालं ते नेमकं इथेच. ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांनी मुद्दाम एक-दोन व्हर्जन मागे राहायचं सेटिंग करून ठेवलेलं होतं, पण ते सेटिंग मुख्य सॉफ्टवेअरपुरतं होतं, नवे धोके ओळखायची माहिती देणाऱ्या रोजच्या कंटेंट फाइल सगळ्यांना एकदमच जायच्या. त्यातली एक फाइल २१ वं फील्ड मागत होती आणि कोड २० च पुरवत होता, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन आडव्या झाल्या. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते. ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण बंद पडलेलं मशीन सुरूच होत नव्हतं त्यामुळे बऱ्याच ठिकाणी माणसाने जाऊन एकेक मशीनवरची फाइल काढावी लागली. स्टँडबाय सर्व्हर असणाऱ्यांचे स्टँडबायसुद्धा त्यातच होते.

म्हणून पुढच्या वेळी कोणी "फेलओव्हर आहे" म्हणालं की मी तरी एकच विचारतो, दोन्हींवर एकाच मिनिटाला पोचू शकेल असं काय काय आहे? कॉन्फिग (सेटिंगच्या फाइल), सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारं, ठरावीक मुदतीचं), अँटिव्हायरसची अपडेट, ॲडमिनचा पासवर्ड, एसीचा कंप्रेसर, सगळं लिहून काढायचं आणि नवीन फीचरला हात लावायच्या आधी त्या यादीतल्या निदान एक-दोन गोष्टी तरी वेगळ्या करून घ्यायच्या. सर्टिफिकेटपासून सुरू करा, दोन सर्व्हरची मुदत वेगवेगळ्या महिन्यात संपेल असं करायला काहीच खर्च येत नाही.