बुसियातल्या जंताच्या गोळ्या आणि मुंबईच्या बालसख्या

केनियाच्या पश्चिम टोकाला, युगांडाच्या सीमेवर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला बुसिया हा भाग आहे. आफ्रिकेतल्या मुलांचं शिक्षण आणि आरोग्य यांवर काम करणाऱ्या संस्था आज ज्या पद्धतीनं विचार करतात, त्याचा बराचसा पाया इथल्या साध्या प्राथमिक शाळांमध्ये घातला गेला.

१९९०च्या दशकात इथं आयसीएस ही मूळची डच संस्था शाळांना मदत करत होती. अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर तिच्यासोबत काम करू लागले. मदत सगळ्यांना एकदम न देता टप्प्याटप्प्यानं द्यायची, म्हणजे मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना करता येते, हा त्यांचा आग्रह. १९९६ मध्ये १०० शाळांपैकी २५ शाळांना पाठ्यपुस्तकं दिली गेली. सरासरी गुण जागचे हलले नाहीत. जी मुलं आधीच पुढं होती, तेवढ्यांनाच फायदा झाला. पुस्तकं इंग्रजीत होती आणि घरची बोली, स्वाहिली यांच्यानंतर इंग्रजी ही त्या मुलांची तिसरी भाषा. वाचताच येत नसेल, तर नव्या कोऱ्या पुस्तकाचं मूल करणार काय?

मग १९९८ मध्ये ७५ शाळांतल्या सुमारे ३०,००० मुलांना टप्प्याटप्प्यानं जंताच्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली. तिथल्या दहातल्या नऊ मुलांना कुठला ना कुठला जंतसंसर्ग होता. गोळ्यांमुळे गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशानं घटली. क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांचा हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली दुसरी बाब प्रचारपत्रकांत सहसा येत नाही: परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत. पुढे काही शाळांत गोळ्यांसाठी किरकोळ पैसे आकारले, तर घेणाऱ्यांचं प्रमाण ७५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर घसरलं. ‘फुकटाची किंमत नसते’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

२००७ मध्ये ‘डीवर्म द वर्ल्ड’ उपक्रम सुरू झाला आणि २००९ मध्ये केनिया सरकारनं ३६ लाख मुलांपर्यंत गोळ्या पोहोचवल्या. २०१५ मध्ये २००४च्या त्या अभ्यासाच्या आकडेमोडीतल्या चुका बाहेर आल्या, अभ्यासकांत चांगलीच जुंपली. तो वाद पुरता मिटलेला नाही.

मुलं वर्गात आली, पण वाचनाचं काय? याचं एक उत्तर मुंबईतून गेलं. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांची ‘प्रथम’ ही संस्था १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये उभी राहिली. मागं पडलेल्या मुलांना त्याच परिसरातल्या तरुणी, म्हणजे बालसख्या, वेगळं बसवून शिकवत. मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाची मोजणी झाली, तेव्हा गुण खरोखरच वाढलेले दिसले. मुलांना प्रत्यक्ष किती वाचता येतं हे पाहणाऱ्या ‘प्रथम’च्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या धर्तीवर केनिया, टांझानिया आणि युगांडात ‘उवेझो’ हे सर्वेक्षण आलं. घरोघरी जाऊन मुलांना सोपा मजकूर वाचायला द्यायचा, एवढीच पद्धत. पण पट आणि प्रत्यक्ष वाचन यांतली दरी त्यातून उघडी पडली.

झांबियात २०१६ मध्ये ८० शाळांत ‘प्रथम’ची शिकवण्याची रीत तपासून पाहिली गेली. तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जेवढं वाचता येतं त्यानुसार गटांत बसवली. वाचन मात्र इंग्रजीतून नाही, तर तिथल्या स्थानिक भाषांतून.