सुपरएलिप्स: लंबवर्तुळ आणि आयत यांच्या मधला आकार

१९५९ साली स्टॉकहोमच्या मध्यभागाची नव्याने उभारणी चालू होती. सेर्गेल्स टोर्ग या चौकाची जागा साधारण आयताकृती, आणि तिच्या मधोमध वाहतुकीसाठी लांबट बेट हवं होतं. लंबवर्तुळ काढलं तर टोकं निमुळती होऊन कोपऱ्यांतली जागा वाया जाई. वर्तुळाचे तुकडे जोडावेत, तर प्रत्येक सांध्यावर वक्रता एकदम बदलणार आणि चालकाला तिथे स्टिअरिंग झटक्यात फिरवावं लागणार. हा तिढा सोडवला डेन्मार्कचे कवी आणि संशोधक पीट हाइन यांनी.

त्यांनी वापरलेलं समीकरण मात्र जुनंच होतं. फ्रेंच गणिती गाब्रिएल लामे यांनी १८१८ साली ते मांडलं होतं, म्हणून या वक्रांना लामे वक्र असंही म्हणतात. लंबवर्तुळात बिंदूच्या केंद्रापासूनच्या आडव्या आणि उभ्या अंतराला आपापल्या अर्धअक्षाने, म्हणजे त्या दिशेच्या निम्म्या लांबीने, भागतात, दोन्ही भागाकारांचा वर्ग करतात, आणि बेरीज १ येते. लामेंनी वर्गाच्या जागी कोणताही घातांक घेतला. घातांक १ असेल तर समभुज चौकोन, २ असेल तर लंबवर्तुळ. त्यापुढे तो वाढवत नेला की आकार आयताकडे सरकतो.

हे पडताळायला सोपं आहे. दोन्ही अर्धअक्ष १ धरा आणि वक्र कर्णाला कुठे छेदतो ते पाहा. घातांक २ असताना त्या बिंदूचे दोन्ही निर्देशक ०.७०७ येतात, २.५ ला ०.७५८, ४ ला ०.८४१. चौरसाचा कोपरा १ वर असतो. घातांकागणिक वक्र कोपऱ्यात शिरत जातो, पण सांधा कुठेच येत नाही.

हाइन यांनी घातांक २.५ निवडला आणि लांबी-रुंदीचं प्रमाण ६:५ ठेवलं. २.५ हा आकडा कोणत्याही सिद्धांतातून निघालेला नाही. वेगवेगळे घातांक घेऊन पाहिल्यावर डोळ्यांना तोच सर्वांत बरा वाटला, म्हणून तो ठरला. माझ्या मते हाइन यांचं खरं श्रेय या निवडीत आहे. हर्मान त्साप्फ या जर्मन अक्षररचनाकाराच्या मेलिओर फॉन्टमध्ये, म्हणजे १९५२ सालीच, अक्षरांची गोलाई याच वळणाची दिसते.

पुढे याच आकाराची टेबलं आली, आणि हाच वक्र अक्षाभोवती फिरवून तयार केलेलं 'सुपरएग'ही आलं. घातांक २ पेक्षा जास्त असल्यामुळे त्याच्या टोकाशी वक्रता शून्य होते, म्हणून ते आधाराशिवाय उभं राहतं.