कोल्ड रूममधला ट्रिस बफर

सामू म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा; तो जितका कमी, तितकं द्रावण आम्ल. तो जागेवर धरून ठेवणारं द्रावण म्हणजे बफर. ट्रिस या रसायनापासून केलेल्या बफरचा सामू २५ अंश सेल्सिअसला ८.० असेल, तर तेच द्रावण कोल्ड रूममध्ये ४-५ अंशांना नेल्यावर सुमारे ८.६ होतं आणि ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ७.७ वर येतं. त्यात कुणी काही घातलेलं नसतं, काही काढलेलं नसतं. बदललेलं असतं फक्त तापमान. जगभरच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत सर्रास वापरला जाणारा हा बफर दर अंशामागे साधारण ०.०२८ ने सरकतो. पण प्रथिन शुद्ध करताना ते थंडीत खराब झालं किंवा एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रियांना वेग देणारं प्रथिन, चाललं नाही, की शंका आधी एन्झाइमवर घेतली जाते, मग रसायन पुरवणाऱ्यावर. बफरवर ती क्वचितच येते.

सामू, म्हणजे रोजच्या बोलण्यातला पीएच, मुळात एन्झाइमांच्या अभ्यासातूनच आला. कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या मालकाने १८७५ मध्ये कोपनहेगनला प्रयोगशाळा काढली होती. तिथे एस. पी. एल. सोरेनसन एन्झाइमांवर काम करत होते. द्रावणात आम्ल किती ओतलं यापेक्षा त्यात मोकळे हायड्रोजन आयन किती आहेत, यावर एन्झाइमचं काम ठरतं, हे त्यांनी दाखवलं. आयनांची ही तीव्रता इतकी कमी असते की ती लिहिताना शून्यांची रांग लागते. म्हणून १९०९ मध्ये त्यांनी ती दहाच्या घातांकात मांडली.

घातांकाची सोय मोठी, पण तिच्यामुळे फसगतही होते. सामू ७.४ असताना लिटरमध्ये ४० नॅनोमोल हायड्रोजन आयन असतात (मोल हे कणांची संख्या मोजायचं माप, नॅनोमोल त्याचा अब्जांश) आणि ७.१ ला ८०. आकडा ०.३ ने हलला, तेवढ्यात आयन दुप्पट झाले! आपल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो, यावरून शरीर या बाबतीत किती काटेकोर आहे ते कळतं. एन्झाइमच्या ज्या खाचेत रासायनिक क्रिया घडते, तिथे पुष्कळदा हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असतं. ते सामू ६-७ च्या आसपास हायड्रोजन आयन घेतं किंवा सोडतं. त्या एका आयनाच्या येण्याजाण्याने खाचेचा विद्युतभार बदलतो आणि क्रिया वेग धरते किंवा मंदावते. पोटातलं पेप्सिन २ च्या आसपास जोमाने चालतं, तर लहान आतड्यात काम करणाऱ्या ट्रिप्सिनला ८ च्या जवळचा सामू लागतो.

हा आकडा जागेवर ठेवायचं काम बफरचं. त्यात सौम्य आम्ल आणि त्याची आम्लारी जोडी, दोन्ही भरपूर असतात. बाहेरून आम्ल आलं तर एक ते शोषून घेतं, अल्कली आली तर दुसरं. एक लिटर शुद्ध पाण्यात १ मोलार (म्हणजे लिटरमागे एक मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकच मिलिलिटर टाकला, तर सामू ७ वरून थेट ३ वर कोसळतो. तोच मिलिलिटर ०.१ मोलार फॉस्फेट बफरच्या एका लिटरमध्ये टाकला, आणि त्या बफरमधले दोन्ही घटक निम्मे-निम्मे असले, तर सामू जेमतेम ०.०२ ने हलतो. ज्या सामूला हे घटक असे निम्मे-निम्मे असतात, त्याला त्या बफरचा पीकेए म्हणतात. त्याच्या एक अंक वर आणि एक अंक खाली, एवढाच बफरचा खरा टापू. ट्रिसचा पीकेए २५ अंशांना ८.१ आहे. तरीही ६.८ सामूचा ‘ट्रिस बफर’ बनवला जातो, आणि प्रथिनं वेगवेगळी करायच्या जेलचा वरचा थर करताना तो मुद्दाम लागतोही. पण इतर ठिकाणी त्याच्याकडून सामू धरून ठेवण्याची अपेक्षा करू नये.

आता एक लिटर १ मोलार ट्रिस, सामू ८.०, बनवताना काय घडतं ते पाहू. ट्रिसची १२१.१ ग्रॅम पांढरी पूड ८०० मिलिलिटर पाण्यात टाकून बीकर मॅग्नेटिक स्टररवर ठेवायचा. पूड विरघळली की पीएच मीटर १० च्या वर आकडा दाखवतो. मग हळूहळू तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं. ८.० ला पोहोचायला ते साधारण ४२ मिलिलिटर लागतं, म्हणूनच सुरुवातीला पाणी कमी घ्यायचं असतं. आम्ल पडत जातं तसा बीकर हाताला कोमट लागू लागतो. घाई नेमकी इथे नडते. कोमट द्रावण ८.० वर आणून बाटलीत भरलं आणि ते सात-आठ अंशांनी निवलं, तर सामू ०.२ ने वर गेलेला असतो. आम्ल जवळपास सगळं घालून झालं की थांबावं, द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं आणि शेवटचे थेंब त्यानंतर घालावेत. हात जास्त सुटून सामू ७.८ झालाच, तर सोडियम हायड्रॉक्साइड घालून तो वर ओढू नये. आकडा जमतो, पण आम्ल आणि अल्कली मिळून द्रावणात नको असलेलं मीठ तयार होतं, आणि मिठाचं प्रमाण पुष्कळ एन्झाइमांना जाणवतं.

खोलीचं तापमान म्हणजे किती, हाही आपल्याकडे प्रश्नच आहे. पुस्तकांतले तक्ते २५ अंशांचे. मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या कॉलेजच्या एसी नसलेल्या प्रयोगशाळेत पारा ३८ वर असतो. तिथे ८.० वर आणलेला ट्रिस २५ अंशांच्या हिशेबाने ८.३५ च्या पुढे असतो. म्हणून बाटलीवर सामूच्या शेजारी तापमान लिहिलंच पाहिजे, असं मी आग्रहाने सांगेन.

यावर नेहमीचं उत्तर येतं: मीटरमध्ये तापमानाची भरपाई आपोआप होते. होते, पण ती इलेक्ट्रोडची, म्हणजे मीटरच्या द्रावणात बुडवायच्या दांडीची. काचेचा इलेक्ट्रोड खरं तर व्होल्टेज मोजतो. २५ अंशांना सामूच्या एका अंकामागे ५९ मिलिव्होल्ट मिळतात, ४ अंशांना ५५ आणि ३७ अंशांना साडेएकसष्ट. मीटर हा फरक लक्षात घेऊन त्या क्षणी, त्या तापमानाला असलेला सामू बरोबर सांगतो. हेच द्रावण दुसऱ्या तापमानाला कसं वागेल, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

या काचेचं वैशिष्ट्य तिच्या पृष्ठभागात आहे. पाण्याने ओला झालेला तिचा अतिशय पातळ थर हायड्रोजन आयनांची देवाणघेवाण करतो आणि आतल्या-बाहेरच्या फरकातून व्होल्टेज तयार होतं. म्हणून इलेक्ट्रोड कोरडा ठेवायचा नाही, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवूनही ठेवायचा नाही, कारण त्याच्या आतले क्षार बाहेर झिरपतात. ३ मोलार पोटॅशियम क्लोराइड ही त्याची जागा. धुतल्यावर टिश्यूने टिपायचा, घासायचा नाही. काचेचा विद्युतरोध प्रचंड असल्यामुळे हे व्होल्टेज साध्या मीटरला मोजता येत नाही. कॅलिफोर्नियात लिंबांच्या रसावर काम करणाऱ्या एका रसायनतज्ज्ञाला ही अडचण आली. रसातल्या सल्फर डायऑक्साइडमुळे लिटमसचा रंगच उडत होता, त्यामुळे काचेच्या इलेक्ट्रोडवाचून गत्यंतर नव्हतं. त्याचे मित्र अर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये व्हॅक्यूम ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर जोडून त्याला उपकरण बनवून दिलं, आणि त्यातूनच आजचा पीएच मीटर आला.

तापमानासारखाच तीव्रतेचाही घोळ असतो, आणि त्यात फॉस्फेट पुढे. पेशी धुवायला रोज लागणारा पीबीएस, म्हणजे मीठ घातलेला फॉस्फेट बफर, बहुतेक ठिकाणी दहापट तीव्र ‘स्टॉक’ करून ठेवतात. घटक अचूक तोलले, तर त्या स्टॉकचा सामू ६.८ च्या आसपास दिसतो. नवा विद्यार्थी घाबरून तो ७.४ वर आणतो. खरं तर काही करायची गरज नसते. दहापट पाणी झालं की तो आपसूक ७.४ च्या जवळ येतो, कारण दाट द्रावणात आयनांची गर्दी एकमेकांच्या वागण्यावर परिणाम करते. स्टॉकच ७.४ वर आणला, तर पेशींना मिळणारं द्रावण त्याहून बरंच अल्कलीकडे झुकतं.

तापमानाचं म्हणाल तर फॉस्फेट ट्रिसच्या दसपट स्थिर. पण कॅल्शियम दिसलं की त्याचा साका बसतो. या अडचणी ओळखून नॉर्मन गुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये जैविक कामासाठी बफरांची एक यादी प्रसिद्ध केली. पीकेए ६ ते ८ च्या दरम्यान, पाण्यात सहज विरघळणं, पेशीच्या पटलातून आत न शिरणं, तापमानाने फार न हलणं, अशा त्यांच्या अटी होत्या. त्यातला हेपीस आज पेशीसंवर्धनात घरोघरी आहे. त्याचा पीकेए ७.५ आणि तापमानाने होणारा बदल ट्रिसच्या निम्मा. मात्र रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) असलेल्या, पेशी वाढवायच्या माध्यमात हेपीस उजेडात राहिला, तर त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. म्हणून अशा बाटल्या अंधारात ठेवतात.