थंडीत रुजणारे, ताटात मोकळे राहणारे धान

भंडारा-गोंदिया पट्ट्यात उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपवाटिका, डिसेंबर-जानेवारीत टाकले जातात आणि नेमक्या याच काळात रात्रीचे तापमान अनेकदा 10 अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. धानाचे बी 30 अंशांच्या आसपास जोमाने रुजते, तर 10 अंशांजवळ त्याचे रुजणे जवळजवळ थांबते. अशा वेळी बी पाणी शोषून घेते, पण दाण्यातील स्टार्चची साखर करणारी विकरे मंदावल्यामुळे कोंब लवकर बाहेर पडत नाही आणि तोवर बुरशीचे फावते. भिजवलेले बी पोत्यात बांधून तणसाखाली दडपून मोड आणण्याची रीत याच अडचणीतून आली आहे. मात्र त्या उबेतून बांधीत (धानाच्या शेतात) गेलेल्या कोंबाला पुढची थंडी चुकत नाही.

थंडीत रुजण्याची क्षमता मुळात वाणातच असू शकते. जपानी संशोधकांनी 2008 मध्ये ‘इटालिका लिवोर्नो’ या इटलीतील वाणातून असा एक जनुक ओळखला. तो तिसऱ्या गुणसूत्रावर असून, कोंबाला झाकणाऱ्या ऊती सैल करून त्याची वाट मोकळी करण्यात त्याचा हात असतो.

मग तसलाच तांदूळ आपल्याकडे का लावू नये? अडचण चवीची आहे. हा इटलीतील वाणही ज्यात मोडतो त्या जपानी (जपोनिका) प्रकारच्या तांदळात अमायलोज हा स्टार्चचा घटक कमी, साधारण 15 ते 20 टक्के असतो, त्यामुळे भात चिकट होतो आणि जपानमध्ये तोच उत्तम मानला जातो. आपल्याकडे मात्र मऊ, पण शीत शितापासून सुटे असणारा भात हवा असतो. नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतातील निवडीतून घडवलेल्या ‘एचएमटी’ वाणाला जी पसंती मिळाली, तिच्यामागे बारीक दाण्याइतकीच ही आवडही आहे. तेव्हा परका तांदूळ नको, त्याचा फक्त रुजण्याचा गुण घ्यावा, हेच मला शहाणपणाचे वाटते.

सुदैवाने अमायलोज ठरवणारा प्रमुख जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे, म्हणजे हे दोन गुण एकमेकांना बांधलेले नाहीत. संकरातून आलेल्या रोपांचा आपल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करायचा आणि प्रत्येक पिढीत डीएनए-खुणांच्या आधारे हवा तो जनुक असलेलीच रोपे पुढे न्यायची, ही पद्धत आता सर्वपरिचित आहे. तरीही जपानी आणि भारतीय प्रकारांच्या संकरात वांझ, पोचट लोंब्या पुष्कळ निघतात, त्यामुळे सुरुवातीच्या पिढ्या कष्टाच्या जातात.

खरी कसोटी पुढेच आहे. चटकन रुजणारे बी कापणीपूर्वी अवकाळी पावसात भिजले, तर लोंबीतच मोड येण्याचा धोका वाढतो. म्हणून निवडीच्या वेळी बी 15 अंशांना रुजवून पाहणे जितके आवश्यक, तितकेच पक्व लोंब्या ओल्या ठेवून त्यांना मोड येतात का हे तपासणे आवश्यक ठरते. आणि या दोन्हींतून उरलेल्या वाणांचा भात शिजवून, निवल्यावरही तो मोकळा राहतो का हे चाखून पाहावे लागते.