आकडा पडण्याआधी

पाच वर्षांचं मूल. दोन दिवस जुलाब-उलट्या. रक्तदाब अगदी वयाला शोभेल असा. पण नाडी १६० च्या घरात, तळपाय गार, आणि नख दाबून सोडलं तर ते पुन्हा गुलाबी व्हायला चार सेकंद लागतात. बालअतिदक्षता विभागातला डॉक्टर, म्हणजे पीडियाट्रिक इंटेन्सिव्हिस्ट, रक्तदाबाचा तो आकडा पाहून निर्धास्त होत नाही. त्याचं लक्ष गार तळपायांवर असतं.

लहान मुलाचं शरीर संकट लपवण्यात पटाईत असतं. अंगातलं पाणी किंवा रक्त कमी झालं की हृदय जोरात धावतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उरलेलं रक्त मेंदू-हृदयाकडे वळवलं जातं. पाव हिस्सा रक्त गेलं तरी रक्तदाब टिकून राहू शकतो. मग ही ताकद संपते आणि तो एकदम कोसळतो. १ ते १० वर्षांच्या मुलांसाठी धोक्याची रेषा काढायचं सोपं सूत्र आहे: वयाची दुप्पट अधिक ७०. पाच वर्षांच्या मुलाचा वरचा रक्तदाब ८० च्या खाली गेला, तर समजायचं की उशीर झालाय. या डॉक्टरचं सगळं शिक्षण त्या रेषेच्या अलीकडचा वेळ ओळखण्यासाठी असतं.

हे शिक्षण लांबलचक आहे. वैद्यकीय पदवी, मग बालरोगशास्त्रात साधारण ३ वर्षं, त्यानंतर अनेक देशांत अतिदक्षतेची आणखी ३ वर्षं. बालरोगतज्ज्ञ झाल्यावरही एवढं काय शिकायचं उरतं? थोडं इतिहासात डोकावलं की ते कळतं, कारण या शाखेचं निम्मं घराणं बालरोगाचं नाहीच, ते भूलतज्ज्ञांचं आहे.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू निकामी झालेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनळीत छेद घेऊन बसवलेल्या नळीतून, ऑपरेशनच्या टेबलावर करतात तसं रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. व्हेंटिलेटर मुबलक नव्हते, माणसं होती! या अनुभवातून आयसीयू ही कल्पना रुजली. १९५५ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गला खास मुलांचा विभाग निघाला, १९६७ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला. दोन्हीकडे पुढाकार भूलतज्ज्ञांचा. अमेरिकेत या विषयाची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा मात्र १९८७ मध्येच सुरू झाली.

म्हणूनच शिकाऊ इंटेन्सिव्हिस्टचे कित्येक दिवस ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञाच्या हाताखाली जातात. मुलांचं हृदय बहुधा स्वतःच्या दोषाने बंद पडत नाही. आधी श्वास हरतो, मग हृदय. त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालण्यात हात बसावाच लागतो. इथे भौतिकशास्त्र मुलांच्या विरोधात आहे. हवेचा प्रवाह शांत, सरळ असेल तर नळीतला अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीत चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली की त्रिज्या निम्मी होते आणि अडथळा १६ पट वाढतो. हीच सूज आठ मिलिमीटरच्या नळीत आली तर तो जेमतेम तिप्पट होतो. त्यात बाळाला दर किलोमागे ऑक्सिजन लागतो मोठ्यांच्या जवळपास दुप्पट. श्वास थांबला की हातात फार थोडा वेळ असतो.

दुसरी गोष्ट वजनाची. सकाळच्या राउंडला एका खाटेवर ३ किलोचं बाळ, शेजारी ६० किलोचा मुलगा. बाळाच्या अंगातलं सगळं रक्त जेमतेम २४० मिलिलिटर, एका पेल्यात मावेल एवढं. तपासणीसाठी वारंवार काढलेलं रक्तसुद्धा इथे हिशेबात धरावं लागतं. प्रत्येक औषध किलोमागे मोजायचं, आणि दशांशचिन्ह एक घर सरकलं तर डोस दहापट. म्हणून इथले डॉक्टर आणि नर्स एकमेकांचे हिशेब मोठ्याने वाचून तपासतात. बाहेरच्याला हे पाढे म्हटल्यासारखं वाटेल.

मला या प्रशिक्षणातला सगळ्यात अवघड भाग वाटतो तो हाताला लागलेली सवय सोडण्याचा. शॉकमधल्या, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचणाऱ्या मुलाला भराभर सलाइन द्यायचं, हे वर्षानुवर्षं पक्कं शिकवलेलं सूत्र. २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांहून जास्त तापाने गंभीर आजारी मुलांवरचा ‘फीस्ट’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सलाइनचा असा झपाट्याने डोस दिलेल्या मुलांमध्ये ४८ तासांत शंभरातली १० ते ११ दगावली; न दिलेल्यांमध्ये सुमारे ७. व्हेंटिलेटर सहज मिळत नाहीत अशी ती रुग्णालयं होती आणि आजारही वेगळे, त्यामुळे सगळ्यांना एकच माप लावता येत नाही. जुलाबाने सुकलेल्या आपल्या पाच वर्षांच्या मुलाला पाणी हवंच आहे. पण आता ते थोडं थोडं जातं: किलोमागे १० किंवा २० मिलिलिटर, मग थांबायचं. नाडी उतरली का? पाय कोमट झाले का? फुप्फुसात चरचर ऐकू येते का? उजव्या बरगडीखाली बोटं ठेवून यकृताची कड चाचपायची. ती मघापेक्षा खाली उतरली असेल तर पाणी जास्त होतंय. नसेल तर किलोमागे आणखी १० मिलिलिटर, आणि बोटं पुन्हा बरगडीखाली.