आवड, निवड आणि स्त्री चळवळ : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

एकमेकींवरच्या प्रेमापायी घर सोडून गेलेल्या दोन मुलींना पोलीस शोधून आणतात तेव्हा ठाण्यात त्यांचा जबाब होतो. त्यात एक वाक्य यावंच लागतं : 'मी सज्ञान असून स्वखुशीने घर सोडले आहे.' ते नसेल तर मैत्रिणीवर फूस लावून पळवल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. पुढे घरचे त्याच मुलीला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात आणि तिथे तिला नेमकं उलटं सांगावं लागतं. हे मी ठरवून केलेलं नाही, हे माझ्या हातात नाही, गोळ्यांनी हे जायचं नाही. ठाण्यात मर्जी आणि दवाखान्यात नाइलाज. लैंगिक कल ही निवड आहे का, या प्रश्नावर स्त्रीवाद्यांमध्ये गेली पन्नासेक वर्षं जे चाललं आहे ते या दोन जबाबांमधलंच भांडण आहे.

आपल्याकडे हा प्रश्न त्याच्याही आधी कोर्टात येऊन गेला होता. 1934 साली मुंबईत लैंगिक शिक्षणाच्या एका मराठी मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या ज्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून संपादकांना दंड झाला, त्यांत समलिंगी आकर्षणाचाही विषय होता. बचावाचा सूर तेव्हाच 'काहींची घडणच तशी असते' असा होता.

स्त्रीवादी वादाला तोंड फुटलं ते अमेरिकेत. 1969 च्या सुमारास तिथल्या एका मोठ्या महिला संघटनेच्या नेतृत्वाला लेस्बियन कार्यकर्त्या म्हणजे चळवळीच्या प्रतिष्ठेला धोका वाटत होत्या. 1 मे 1970 ला न्यूयॉर्कमधल्या महिला परिषदेत अचानक दिवे गेले. दिवे आले तेव्हा त्यांना हिणवायला वापरला जाणारा 'लॅव्हेंडर मेनेस' (जांभळा धोका) हाच शब्दप्रयोग टी-शर्टवर छापून आलेल्या बायका सभागृहात उभ्या होत्या. त्यांच्या पत्रकाने लेस्बियन असण्याची व्याख्याच बदलली : आपली सगळी शक्ती पुरुषांऐवजी स्त्रियांकडे वळवणारी ती लेस्बियन. आकर्षणाच्या जागी भूमिका आली. 1979 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका गटाने पुढचं पाऊल टाकलं. स्त्रीवादी बाईने पुरुषांशी शय्यासंबंध थांबवावेत, स्त्रीशी ठेवलेच पाहिजेत असं नाही, असं त्यांनी मांडलं. संसारी कार्यकर्त्यांना हा आपल्या घरात केलेला हस्तक्षेप वाटला. ज्यांनी शाळेपासून मुलींवर जीव लावला आणि त्याची किंमत मोजली, त्यांना आपलं प्रेम कुणीतरी ठरावासारखं मंजूर करतंय असं वाटलं. मला हे दुसरं दुखणं जास्त खरं वाटतं. तरी त्या गटांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. मुलीला जन्मापासून लग्नाकडेच चालवत नेलं जात असेल, तर पुरुषाकडे जाणारी वाट तरी तिने कधी निवडली?

याच काळात बाहेरचं वारं उलट दिशेने वाहत होतं. डिसेंबर 1973 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 1991 आणि 1993 मध्ये मेंदू आणि गुणसूत्रांवरच्या दोन गाजलेल्या संशोधनांनी 'जन्मजात' हा शब्द घोषणेच्या जागी नेला. दोन्ही पुरुषांवरची होती, हे तेव्हा फार थोड्यांनी बोलून दाखवलं. 2019 मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकीय माहितीवरून स्पष्ट झालं की एकच असा जनुक नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण कुणाचा कल सांगता येईल इतका तो नाही.

भारतात या वादाने वेगळं वळण घेतलं ते समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मुळे. 'निसर्गक्रमाविरुद्ध' हे त्या कलमाचेच शब्द. त्यामुळे ते रद्द करायला निघालेल्यांना आधी आपण निसर्गातलेच आहोत हे सिद्ध करावं लागलं. बायकांना मात्र त्या कलमाची धमकी मिळे, प्रत्यक्ष खटला जवळपास कधीच होत नसे. त्यांना अडवत होतं ते घर. 1987 साली मध्य प्रदेशात दोन महिला पोलिसांनी एकमेकींना हार घातले आणि त्यांची नोकरी गेली. 1998 च्या डिसेंबरात दोन जावांच्या प्रेमावरच्या चित्रपटावरून मुंबईत थिएटरं फोडली गेली, त्या तोडफोडीविरुद्ध दिल्लीत निदर्शनं झाली. मुद्दा अभिव्यक्तिस्वातंत्र्यापुरता ठेवावा की 'लेस्बियन' हा शब्द फलकावर यावा, यावर निदर्शकांमध्येच ओढाताण होती. चित्रपटावरही स्त्रीवाद्यांचा आक्षेप होताच : नवरे दुर्लक्ष करतात म्हणून या दोघी जवळ येतात का? नवरे बरे असते तर?

मराठीत या सगळ्याला शब्द शोधताना आणखी गुंता होतो. इंग्रजीतल्या 'प्रेफरन्स' या शब्दावरून ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेत न्यायाधीशपदाच्या एका उमेदवाराला सिनेटपुढे माफी मागावी लागली, कारण त्यातून निवडीचा वास येतो. आपल्याकडे वर्तमानपत्रं आजही कधी 'लैंगिक प्राधान्य' लिहितात, कधी 'लैंगिक पसंती', कधी 'अभिमुखता'. 'कल' हा शब्द मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. दहावीच्या मुलांची कलचाचणी व्हायची तेव्हा कुणी त्याला मुलाचा हट्ट म्हणत नव्हतं, आणि कलाच्या विरुद्ध शाखा घेणारी मुलंही होतीच. गंमत अशी की बोलण्यात आपण 'आवडनिवड' एका दमात म्हणतो. आवड लागते, निवड करावी लागते. शब्द चिकटले म्हणून गोष्टी एक होत नाहीत. 'तिची तसली आवड आहे' असं शेजारीण कुजबुजते तेव्हा तिला निवडच म्हणायची असते, म्हणजे मनात आणलं तर सोडता येईल असं काहीतरी.

सज्ञानांचे संमतीचे समलैंगिक संबंध कलम 377 मधून वगळणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालात आवड आणि निवड हे दोन्ही एकत्र आले. पाच न्यायाधीश, चार स्वतंत्र निकालपत्रं. एकाने कल जीवशास्त्राने ठरतो या बाजूला वजन दिलं. दुसऱ्याने नैसर्गिक-अनैसर्गिक ही विभागणीच कायद्याला निरुपयोगी ठरवली. पीठावरच्या एकमेव महिला न्यायाधीशांनी मात्र दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या : कल इच्छेनुसार बदलता येत नाही, आणि त्याप्रमाणे नातं जोडणं ही त्या व्यक्तीची स्वतःची निवड आहे. त्याच निकालपत्रात राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदाकडे लक्ष वेधलं आहे. जात, लिंग, जन्मस्थान आपल्या हातात नसतं. धर्म मात्र निवडता येतो, तरी संरक्षण सगळ्यांनाच आहे. 1956 मध्ये नागपूरला लाखोंनी धर्म बदललेला पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ठरवून घेतलेली गोष्टही तितकीच संरक्षणाला पात्र असते. 'आम्हाला पर्याय असता तर आम्ही असे झालो नसतो' असं म्हणायला लावणारा युक्तिवाद म्हणूनच स्त्रीवाद्यांना कायम खटकत आला. स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण असलेल्या बाईला तर तो उघड्यावरच सोडतो, कारण तिला 'मग पुरुष का नाही निवडत' हे विचारायची सोय राहते.

2021 मध्ये मदुराईहून चेन्नईला आलेल्या दोन तरुणींनी मद्रास उच्च न्यायालयाकडे संरक्षण मागितलं. आईवडिलांनी हरवल्याच्या तक्रारी दिल्या होत्या. न्यायाधीशांनी या विषयातलं आपलं अज्ञान मोकळेपणाने कबूल केलं, समुपदेशकाबरोबर बसून विषय समजून घेतला आणि 7 जूनला आदेश दिला. सज्ञान व्यक्ती मर्जीने सोबत राहत असतील तर पोलिसांनी जबाब घेऊन तक्रार बंद करावी, आणि कल 'बरा' करण्याचे वैद्यकीय प्रयत्न थांबवावेत. पुढच्या वर्षी देशाच्या वैद्यकीय नियामक मंडळाने असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. त्या एका आदेशात ठाण्यातला जबाब आणि दवाखान्यातला जबाब, दोन्ही खरे धरले गेले.